बॉलकडे न बघणारा माणूस

रविवार, १५ जून. होल्गरची केबिन रिकामी करायला ऑफिसात आले. सोमवारी नवा सीईओ रुजू होणार होता. केबिन रिकामी करणं, चाव्या ताब्यात घेणं, खुर्ची पुसून ठेवणं हे सगळं ऑपरेशन्समध्ये मोडतं. आमच्या फुटबॉल क्लबात जे काम कोणाचंच नसतं ते ऑपरेशन्सचं, आणि ऑपरेशन्स म्हणजे मी. हाताखाली दोन माणसं आहेत, पण ती रविवारी येत नाहीत.

सामान फारसं नव्हतं. रबरी सपाता, गुडघ्याला लावायच्या मलमाच्या पिळून संपवलेल्या ट्यूब, बूट चढवायचा लांब दांड्याचा चमचा, आणि छत्र्या. छत्र्या सगळ्या दुसऱ्यांच्या. खालच्या खणात माझा स्टीलचा डबा सापडला, जो मी दिवाळीपासून शोधत होते. धुऊन ठेवलेला होता, तेवढं त्याच्या बाजूने सांगते.

दिवाळीत त्या डब्यात चकल्या होत्या. दिवाळीचा फराळ मी दरवर्षी पॅन्ट्रीत ठेवते. त्या दिवशी होल्गर पॅन्ट्रीच्या दारात उभा राहून शंकरपाळ्यांचं कौतुक करत होता. हा चौकोन किती नीट कापलाय, यात लोणी किती, तुझ्या आईने शिकवलं का. मी मुकाट्याने उत्तरं देत होते. तो गेल्यावर पाहिलं तर शंकरपाळ्या जशाच्या तशा, आणि चकल्यांचा डबाच गायब. चकल्यांकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

हे मला तेव्हा फक्त हावरटपणाचं वाटलं. ती त्याची रीतच होती हे नंतर कळलं.

होल्गर ब्रिंकॉटर हा जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातला. तरुणपणी स्ट्रायकर, म्हणजे गोल मारण्यासाठीच ज्याला पुढे ठेवलेलं असतं तो. गुडघा गेला तसा कोट चढवून क्लबांच्या ऑफिसात बसायला लागला, आणि एकेक क्लब करत शेवटी आमच्याकडे, पाया लेबारला, मॉलच्या वरच्या मजल्यावर येऊन पोचला. तो यायच्या आधी त्याची बातमी वेंडीने आणली. वेंडी आमची फायनान्स मॅनेजर. तिच्या बातम्या वाईट असतात, पण खोट्या नसतात.

"मागच्या क्लबात अर्धं ऑफिस बंद केलंय त्याने," ती म्हणाली. "या वयात इथे काय गोल मारायला आणलाय का, लाह?" हे 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

मी त्या दिवसापासून सावध. इथे परदेशात नोकरी गेली की राहण्याचा पास जातो आणि पास गेला की घर आवरायचं. त्यातून आमच्या घरी मामला उलटा. संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पाठीच्या दुखण्यापायी नोकरी सोडली, तेव्हापासून तो माझ्या पासवर डिपेंडंट आहे. पुंगोलचा फ्लॅट, आमच्या लेकीची, रेवाची शाळा, तिची वर्षअखेरची मोठी परीक्षा, सगळं माझ्या एका कार्डावर उभं. रेवाची परीक्षा होईपर्यंत हे कार्ड टिकवायचं, एवढंच माझं त्या वर्षाचं ध्येय होतं. पुढचं पुढे.

संदीपने होल्गरचे जुने व्हिडिओ शोधून काढले. धुरकट चित्र, चिखलाचं मैदान, झुपकेदार केसांचा उंच पोरगा. एकामागून एक गोल, आणि सगळे दोन पावलांवरून. लांबून मारलेला एकही नाही, हवेत उडी घेऊन मारलेला एकही नाही. दुसऱ्या कोणीतरी मारलेला बॉल खांबाला लागून यायचा आणि हा तिथे उभा.

"हा माणूस काहीच करत नाही गं," संदीप म्हणाला. तो जन्मभर क्रिकेट बघत आलेला. "फक्त तिथे असतो."

"तेच वाईट," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी होल्गर केबिनमध्ये बसलाच नाही. अर्धा दिवस पॅन्ट्रीच्या दारात कॉफी घेऊन उभा. कोणाला काही विचारलं नाही. आम्ही सगळे खाली माना घालून कामाचं सोंग करत होतो. जेवायच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अकाउंट्सच्या कोपऱ्यात बसतो तो नोकरी शोधतोय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाकी सगळे एसीबद्दल तक्रार करतात. तो करत नाही. ज्याला जायचंय त्याला थंडी वाजत नाही."

तो मुलगा महिन्याभरात खरंच गेला. वेंडी खूश झाली की नवा साहेब हुशार आहे. मी त्या दिवसापासून एसीबद्दल रोज तक्रार करायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्याने केबिनमधली खुर्ची फिरवून घेतली. आमची केबिन काचेची. सीईओने बाहेर तोंड करून बसावं म्हणजे माणसं वचकून राहतात, अशी आधीच्यांची समजूत. याने पाठ आमच्याकडे केली आणि तोंड भिंतीकडे. भिंतीवर त्याच्या जुन्या संघाचा मोठा फ्रेम केलेला फोटो लावला. गडद निळ्या जर्सीतली दोन ओळींत उभी पोरं, सगळी कॅमेऱ्याकडे बघताहेत. कडेचा एक भलतीकडेच बघतोय. तो होल्गर.

"साहेब दिवसभर स्वतःचाच फोटो बघत बसतो," वेंडी म्हणाली.

मला तो 'मिसेस नो' म्हणायचा. कारण मी कशालाही आधी नाही म्हणते आणि मग कसं जमेल ते बघते. "मिसेस नो, शुक्रवारी मैदान मिळेल?" "नाही." "छान. किती वाजता?" असा आमचा संवाद. त्याच्या तोंडात आणखी एक गोष्ट रोज असायची: "संदीपची पाठ कशी आहे?" तो संदीपला एकदाच भेटला होता, क्लबच्या फॅमिली डेला. नवऱ्याच्या पाठीची चौकशी माझ्या सासरचेही एवढी करत नाहीत. मला ते आवडायचं, म्हणूनच मी जरा जपून होते.

त्या फॅमिली डेला पोरांनी त्याला पेनल्टी मारायला सांगितलं. गुडघा दाखवून त्याने नाही म्हटलं. आमचा गोलकीपरांचा कोच, स्वतः जुना गोलकीपर, मोठ्याने म्हणाला, "घाबरलास ना, अंकल?" होल्गर हसला, बॉल उचलला, त्याला परत द्यायला लंगडत लंगडत गोलपाशी गेला, वाटेत त्याच्या नव्या बुटांची चौकशी केली. कोचने बूट दाखवायला पाय पुढे केला. होल्गरने बॉल खाली ठेवून हलकेच आत ढकलला. दोन पावलांवरून.

"सो लेम, लाह!" आमची रेवा ओरडली. आयुष्यात एवढी स्तुती कधी झाली नसावी असा तो खुलला.

या रीतीचं इंगित त्याने स्वतःच मला सांगितलं. जर्सी पुरवणाऱ्या कंपनीबरोबर बैठक होती. याला त्यांच्याकडून मुलांच्या संघांच्या जर्सी हव्या होत्या. बैठकभर हा त्यांच्या ऑफिसातल्या माशांच्या टाकीकडे बघत बसला. कोणता मासा कोणाला खातो, पाणी कधी बदलता. मी शरमेने अर्धी झाले. उठताना त्या लोकांनी आपण होऊन मुलांच्या जर्सी देऊ केल्या. बाहेर पडून आम्ही हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला बसलो. तो नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचा.

"बॉलकडे बघितलं की बचाव करणाऱ्याला कळतं तुला काय हवंय," तो म्हणाला. "स्ट्रायकरने बॉलकडे सगळ्यात शेवटी बघायचं."

मग त्याने एक गोष्ट सांगितली. त्याचा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलला जाण्याच्या बेतात होता, शेवटचा सामना. कॉर्नरची तयारी चाललेली, आणि याच्या अंगाला चिकटून उभा राहिलेला बचावपटू दोस्तीतला. याने गोलकडे पाठ केली आणि त्याला विचारलं, तुझं कुत्रं आजारी होतं ना, आता कसं आहे? तो सांगायला लागला. तेवढ्यात बॉल आला, आणि गोल.

"शी," मी म्हणाले. "त्याच्या आजारी कुत्र्याचा असा उपयोग?"

"पण कुत्र्याचं मला खरंच वाईट वाटत होतं," होल्गर म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती. दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी खऱ्या होत्या आणि एकमेकींच्या आड येत नव्हत्या. मला आठवलं ते संदीपच्या पाठीचं, आणि मी भात बाजूला सारला.

"आणि कधी कधी," तो टेबलावर चमचे मांडत म्हणाला, "तू गोल मारायचाच नसतो." एक चमचा तो स्वतः, दोन काटे बचाववाले, मिरचीच्या सॉसची बाटली म्हणजे त्याचा जोडीदार. "मी इकडे धावतो, जिवाच्या आकांताने, जणू बॉल माझ्याचकडे येणारे. हे दोघे माझ्यामागे येतात. तिकडे हा मोकळा. याने मारायचा."

"मग तुझं नाव कोण घेतं?"

"कोणी नाही. कोच घेतो, शहाणा असला तर. आमचा नव्हता."

तेव्हापासून मी एकच नियम पाळला. होल्गर कशाकडे बघत नाही, त्यावर नजर ठेवायची. नियम चांगला चालला. एकदा तो आठवडाभर बसच्या ठेकेदाराबद्दल चकार शब्द बोलला नाही आणि ठेकेदार बदलला. फिजिओच्या खोलीवरून मान वळवून जायला लागला आणि ती खोली मोठी झाली.

मग एका सोमवारी तो रॅफल्स प्लेसला मालकांकडे जाऊन आला. मालक म्हणजे तिथल्या उंच इमारतीतले काही लोक, पण खरं म्हणजे एकटे चेअरमन. परत आला आणि त्याने माझ्याकडे बघणं सोडलं.

आधी वाटलं घाईत असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच. मिसेस नो नाही, संदीपची पाठ नाही. माझ्या टेबलावरून जाताना तो छतातला दिवा बघायचा. कामाचे निरोप माझ्याच हाताखालच्या मुलीकडून यायला लागले. काचेच्या आड त्याची रुंद पाठ दिवसभर माझ्याकडे.

वेंडीने बातमी आणली. "मालकांना खर्च कमी करायचाय. एक डिपार्टमेंट बाहेरच्या एजन्सीला द्यायचं ठरतंय. कुठलं ते नाही कळलं."

मला कळलं होतं.

घरी सांगितलं. संदीप पोळ्या लाटत होता. म्हणाला, "सरळ विचार की त्याला."

"सरळ उत्तर देणारा असता तर स्ट्रायकर झाला असता का?"

"मग रडत बसणारेस?"

"रडतंय कोण? मी दुसरीकडे फोन करायला लागलेय."

आणि केलेही. ओळखीच्या ठिकाणी, टेबलावरूनच, हलक्या आवाजात. कुठे जागा नव्हती, कुठे माझ्या वयाचा माणूस नको होता. टेबलावरच्या वस्तू मी रोज थोड्या थोड्या घरी न्यायला लागले. पाण्याची बाटली, मनी प्लांट, खुर्चीवर टाकलेला स्वेटर. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पिशव्या भरत बसायचं नव्हतं मला. स्वेटर नेल्यावर एसीबद्दल तक्रार करायचीही विसरले.

पुढच्या बैठकीला मला रॅफल्स प्लेसला बोलावणं आलं. वेंडीलाही. इमारतीच्या इतक्या वरच्या मजल्यावर की कान बंद होतात. होल्गर टाय लावून उभा, पडद्यावर त्याच्या स्लाइड. पहिल्याच स्लाइडवर माझं डिपार्टमेंट. ऑपरेशन्स बाहेर द्यायचं, एजन्सी ठरलेली, फायदे ओळीने लिहिलेले. तो ते जोरात, ठासून सांगत होता. इतका जीव तोडून बोलताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. चेअरमन मान डोलवत होते. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते आणि रेवाच्या शाळेला काय कळवायचं ते मनात जुळवत होते.

"आणि सामन्याच्या दिवशीचे पाहुणेसुद्धा एजन्सीच बघेल," होल्गर पुढे म्हणाला. "सगळ्यांना एकच गेट, एकच नियम. कोणालाही सवलत नाही."

चेअरमनची मान थांबली. "माझी आईसुद्धा?"

चेअरमनच्या आई नव्वदीच्या. घरच्या मैदानावरचा सामना त्या चुकवत नाहीत. व्हीलचेअर आत आणायची ती मागच्या बाजूने, कारण पुढच्या उतारावर त्यांना भीती वाटते. बसवायचं ते सावलीत, पण एसीच्या झोतात नाही. मध्यंतराला बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, फार गरम नको, आणि कप कानाचा हवा. हे कुठे लिहिलेलं नाही. ते मला ठाऊक आहे.

"सगळे पाहुणे," होल्गर म्हणाला. "व्हीलचेअरसाठी एजन्सीने दक्षिणेचं गेट ठरवलंय."

"तिथे ऊन असतं."

"थोडं असतं."

"आणि कोपी?"

"मशीन असेल. कागदी कप."

चेअरमन माझ्याकडे वळले. "मीनल, आईला तू कुठून आत आणतेस?"

मी सांगितलं. होल्गर मध्येच तोडून म्हणाला, "भावनेवर क्लब चालत नाही." चेअरमनचा चेहरा लाल झाला. होल्गरला ते दिसत नव्हतं की काय कोण जाणे, तो आणखी दोन वाक्यं बोलला, पहिल्यापेक्षा वाईट. चेअरमननी हातानेच पडदा बंद करायची खूण केली.

"मीनल राहील," ते म्हणाले. "कापायचंच असेल तर आपण दुसरीकडे बघू."

ते दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सीझन संपताना कळलं. होल्गरचा करार वाढवला नाही.

बैठकीच्या दिवशी खाली उतरताना लिफ्टमध्ये वेंडी, होल्गर आणि मी, तिघंच. मी विचारलं, "मुद्दाम केलंस?"

तो उतरत जाणारे आकडे बघत होता. "मी पूर्ण तयारीने गेलो होतो. हरलो. स्ट्रायकरला रोज गोल मिळत नाही."

तो गेल्यावर वेंडी म्हणाली, "तू उगाच त्याला देव करू नकोस. त्याला तुला काढायचंच होतं. म्हातारीच्या बाबतीत माती खाल्ली, एवढंच."

असेल. पण म्हातारीची सगळी माहिती त्याला होती. दर सामन्याला तो तिच्याशेजारी थोडा वेळ बसायचा, तिचा कानाचा कप स्वतः धरायचा. अशा माणसाच्या तोंडून कागदी कप चुकून निघत नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरं की तो इथून निघाला आणि लगेच आखातातल्या एका क्लबात रुजू झाला. ती जागा त्याच्या हातात आधीपासून असेल तर इथून निघायला त्याला एक भांडण हवंच होतं, आणि मी सोयीची मिळाले. तिन्ही गोष्टी मी उलटसुलट करून बघितल्या. संदीपचं मत पहिल्याच दिवशी झालं की त्याने मला वाचवलं. संदीप मनाने चांगला आहे. त्याचं मत मी पुराव्यात धरत नाही.

होल्गरच्या शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली नाहीत. जाताना त्याने मला चावी दिली आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "फोटो मी नेत नाही. राहू दे तिथेच. काढलास तर भिंतीला भोक दिसेल."

संध्याकाळी पाया लेबारला मेट्रोच्या सर्कल लाइनच्या प्लॅटफॉर्मवर तो मला पुन्हा दिसला. मी सेरांगूनकडे जाणाऱ्या गाडीच्या रांगेत, तो पलीकडच्या बाजूला, बंद काचेच्या दारांकडे तोंड करून. हातात एक छोटी बॅग. पाठ माझ्याकडे, नेहमीसारखी. हाक मारावी की नाही ठरत नव्हतं. माझी गाडी आली, मी आत पाऊल टाकलं, आणि त्याने मागे न वळता हात वर केला. मी आजूबाजूला बघितलं, कोणाला करतोय म्हणून. ओळखीचं कोणी नव्हतं. दारं लागली.

रविवारी केबिनचं सगळं आवरून झाल्यावर खुर्ची तेवढी राहिली. नवा साहेब बुटका आहे असं वेंडी म्हणाली होती, म्हणून खुर्ची खाली घ्यायला मी तिच्यात बसले. दांडी ओढली, आणि समोर बघितलं.

फोटोतल्या गडद निळ्या जर्सीवर, फ्रेमच्या काचेत, माझं टेबल होतं. अख्खं. माझी खुर्ची, माझा फोन, उघडा खण, घरून पुन्हा आणलेला मनी प्लांट, पुन्हा खुर्चीवर टाकलेला स्वेटर. बाकी ऑफिस कडेला कापलं गेलेलं. मी मान इकडे तिकडे करून बघितली. याच जागेवरून ते तसं दिसत होतं.

म्हणजे पाठ करून बसलेल्या या माणसाने मला फोन करताना बघितलं. बाटली नेताना, झाड नेताना, स्वेटर नेताना बघितलं. मी एसीबद्दल बोलायची थांबले तेही त्याच्या लक्षात आलं असणार. आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मला राग आला. एक शब्द बोलला असता तर तेवढे दिवस मी झोपले तरी असते. मग वाटलं, बोलला असता तर त्या बैठकीत माझा चेहरा चेअरमनना तसा दिसला नसता. मग वाटलं, नुसती पाळतच ठेवत असेल, मी कधी जाते याची. मी खुर्ची पुसली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. फोटो काढला. भिंतीला भोक दिसत होतं, त्यावर कॅलेंडर लावलं. फोटो माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर ठोकला, जरा तिरका, केबिनचं दार त्यात नीट येईपर्यंत खिळा हलवत राहिले. मग संगणक लावून बसले. नऊ वाजता नवा साहेब आला, दारात थांबला, इकडे तिकडे बघून आत गेला. मी मान वर केली नाही. वेंडीला सांगितलं, एसी फार आहे.